रकाना कोरा ठेवायची मुभा

गोव्यातल्या एका ग्रामीण आरोग्य केंद्रावर मेडिकल ऑफिसर असलेल्या डॉक्टरबाईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती रास्त आहे. पत्र लांब आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग देते.

"मॅडम, आमच्या केंद्रावर इंटर्नशिपचं ग्रामीण पोस्टिंग करायला मुलं येतात. सध्या दोघं आहेत आणि या आठवड्याअखेर त्यांचं पोस्टिंग संपतं. मुलगा अतिशय हुशार. नीट पीजीची तयारी करतोय, काहीही विचारा, उत्तर तयार. गेल्या महिन्यात एका गर्दीच्या सकाळी त्याने बघून पाठवलेल्या एक आजी माझ्याकडे आल्या. केसपेपरवर बीपी १३०/८०. डोकं जड वाटतंय म्हणाल्या, म्हणून मी परत घेतला, तर १७८/१०४. मग लक्षात आलं की केंद्रातलं एकमेव चालू यंत्र सकाळपासून माझ्याच टेबलावर आहे. मी काही बोलले नाही. आकडा खोडून बरोबर लिहिला आणि गोळी सुरू केली. दुसरी मुलगी आहे. पेडण्याकडची, मराठी शाळेत शिकलेली, मार्कांनी बेताची. इंग्रजीत काही विचारलं की गप्प होते. पण म्हातारी माणसं तिच्यासाठी थांबून राहतात, 'ल्हान दोतोर खंय आसा?' म्हणून विचारतात. आता दोघांची लॉगबुकं माझ्यासमोर आहेत. फॉर्मवर ज्ञान, कौशल्य, जबाबदारी, वागणूक असे रकाने आणि पुढे शून्य ते पाच गुण. आमच्याकडे रिवाज असा, की सगळ्यांना चार. मुलाच्या मामांचा माझ्या सासऱ्यांना फोनही येऊन गेला, 'पोराचं जरा बघायला सांगा' म्हणून. माझ्या मनातल्या मतावरून एका मुलाचं नुकसान करायचा मला अधिकार आहे का? डॉक्टर म्हणून कोण तयार झालाय हे खरंच मोजता येतं, की ते ज्याचं त्याचं मत?"

डॉक्टर, आधी त्या आजींचं बोलू. त्यांची गोळी सुरू झाली हे चांगलं झालं. पण यंत्र सकाळभर तुमच्या टेबलावर होतं, म्हणजे त्या मुलाच्या हाताखालून गेलेल्या बाकीच्या रुग्णांचे बीपीसुद्धा न मोजताच लिहिलेले असणार. त्या दिवसाचं रजिस्टर काढा. गरोदर बायका, मधुमेहाचे रुग्ण, आधीपासून बीपीच्या गोळ्या घेणारे, साठीपुढची माणसं यांची नावं वेगळी करा, एएनएमकडून, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या परिचारिकेकडून, निरोप धाडा आणि त्यांना पुन्हा बोलवा. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईच्या कार्डावर खोटा १२०/८० पडला तर पुढे काय होऊ शकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. हे फेरतपासणीचं काम त्या मुलालाच बरोबर घेऊन करा. लॉगबुकचा विचार त्यानंतर.

आता तुमचा प्रश्न. मोजता येतं. मात्र ज्या मापाची आपल्याला शाळेपासून सवय आहे, त्या मापाने येत नाही.

जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन वैद्यकीय शिक्षकाने १९९० मध्ये याची एक साधी उतरंड मांडली. सगळ्यात खाली 'माहीत आहे', त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे', त्यावर 'करून दाखवतो' आणि अगदी वर 'करतो'. आपल्याकडे एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून जो क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला, त्याची रचना याच विचारावर उभी आहे. प्रत्येक कौशल्यापुढे विद्यार्थ्याने कोणत्या पायरीपर्यंत पोचायचं ते लिहिलेलं असतं. लेखी परीक्षा आणि व्हायवा खालच्या दोन पायऱ्या मोजतात. तिसऱ्या पायरीसाठी ऑस्की आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ती पद्धत मांडली. ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर काही मिनिटांचं एक काम आणि त्यात काय काय करायला हवं याची यादी घेऊन बसलेला परीक्षक. तुमच्या या इंटर्नने कॉलेजात बीपीच्या टेबलावर नक्कीच चांगले गुण घेतले असतील. रुग्णाला पाच मिनिटं स्वस्थ बसवलं असेल, पाठ टेकलेली आहे ना ते पाहिलं असेल, हात हृदयाच्या पातळीवर ठेवला असेल, आधी नाडीवर बोट ठेवून कफ फुगवला असेल. त्याला सगळं येतं. समोर यादी घेऊन कुणी बसलेलं नसताना, बाहेर सत्तर माणसं ताटकळलेली असताना तो काय करतो, ही वरची पायरी. ती कॉलेजच्या परीक्षा हॉलमध्ये दिसत नाही. ती दिसते तुमच्या ओपीडीत, आणि तिचे परीक्षक तुम्हीच आहात.

एपस्टीन आणि हंडर्ट यांनी २००२ मध्ये डॉक्टरच्या व्यावसायिक क्षमतेची व्याख्या केली. ज्ञान, हातातलं कौशल्य, संवाद, विचारपद्धती, भावना, मूल्यं या सगळ्याचा रोजच्या कामात सवयीने आणि तारतम्याने वापर, असा तिचा आशय. त्यातली 'सवय' मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकदा चांगलं करून दाखवणं आणि तसंच करत राहणं, यांत फार मोठं अंतर आहे. सवय ओळखायची तर एकदा बघून भागत नाही. आणि ही गोष्ट त्या इंटर्न मुलाच्या बाजूनेही लागू होते: एका सकाळच्या एका आकड्यावरून त्याची सवय ठरवता येणार नाही.

म्हणून त्याच्याबद्दल काहीही लिहिण्याआधी पुरावा नीट बघा. त्याने गेल्या काही आठवड्यांत लिहिलेले बीपी एकाखाली एक वाचा. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या अंतराने असतात, त्यामुळे खरे मोजलेले आकडे २, ४, ६, ८ वरही संपतात. सगळे शून्यावर संपत असतील तर शंका घ्यायला जागा आहे. पण शंकाच. बीपी जवळच्या शून्यावर आणून लिहिण्याची खोड चांगल्या चांगल्या डॉक्टरांना असते, ती खोटेपणा ठरत नाही. दोन वेळच्या मोजणीत फरकही पडतो. चढण चढून आलेली बाई, घाबरलेली बाई, मध्ये चहा प्यालेली बाई. एरवी मी तुम्हाला सांगितलं असतं की १३० आणि १७८ मधलं अंतर मोठं आहे, तरी मुलाला संशयाचा फायदा द्या. इथे तुमच्याकडे भक्कम गोष्ट एकच आहे, यंत्र तुमच्या टेबलावर होतं. तेवढ्या एका सकाळीबद्दल तुम्ही खात्रीने बोलू शकता.

आणि हीच गोष्ट तुमच्या केंद्राबद्दलही काही सांगते, ते बोलल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. दोन टेबलांवर रुग्ण बघितले जातात आणि यंत्र एक. त्या मुलाने काय करायला हवं होतं? उठून तुमच्याकडे यायचं, 'मॅडम, यंत्र द्या' म्हणायचं, नाहीतर बीपीचा रकाना कोरा ठेवायचा. त्याने तसं केलं नाही, ही त्याची जबाबदारी आणि ती त्याच्याच पदरात राहील. पण कोरा रकाना घेऊन एखादा केसपेपर तुमच्याकडे आला असता, तर काय झालं असतं? 'बीपी कुठाय?' असं रुग्णासमोर वर बघून विचारलं गेलं असतं का? पुष्कळ वॉर्डांत मुलं पहिल्या काही दिवसांतच शिकतात, की रिकाम्या रकान्याला ओरडा बसतो आणि भरलेल्या रकान्याकडे कुणी बघत नाही. तापाच्या तक्त्यावर ओळीने नाडी ७८, श्वास १६ लिहिलेलं तुम्हीही पाहिलं असेल. मुद्दाम खोटं बोलायचं म्हणून कुणी ते शिकत नाही. सीनियरने 'अरे, टाक काहीतरी, राउंड येतोय' म्हटलेलं असतं.

तेव्हा त्याच्याशी बोला. उद्याच. दार लावून, सिस्टर किंवा दुसरी इंटर्न समोर नसताना. तो केसपेपर टेबलावर ठेवा आणि एवढंच विचारा: "त्या सकाळी यंत्र माझ्याकडे होतं. हा आकडा कुठून आला?" मग गप्प राहा. त्याच्या वतीने तुम्ही उत्तर शोधू नका. हुशार मुलांना आपण वाक्य पुरं करून द्यायला जातो आणि तिथेच निसटतं.

तो काय बोलतो यावर पुढचं पुष्कळ अवलंबून आहे, असं मी का म्हणते ते सांगते. मॅक्सीन पापाडाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या तीन वैद्यकीय कॉलेजांच्या जुन्या नोंदी तपासल्या. पुढे ज्यांच्यावर तिथल्या वैद्यकीय मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केली असे २३५ डॉक्टर एका बाजूला, आणि कारवाई न झालेले ४६९ दुसऱ्या बाजूला. विद्यार्थिदशेत व्यवसायाला न शोभणाऱ्या वर्तनाची नोंद असण्याचं प्रमाण कारवाई झालेल्यांत सुमारे दुप्पट निघालं. त्यातही सगळ्यात ठळक ठरल्या दोन गोष्टी: टोकाचा बेजबाबदारपणा, आणि चूक दाखवली तरी सुधारणा न होणं. कमी मार्कांचा संबंध त्या मानाने फार थोडा होता.

हा अभ्यास वाचून काही शिक्षक विद्यार्थ्यांवर शिक्के मारायला लागतात, ते चूक आहे. विद्यार्थी असताना घसरलेल्या बहुतेकांवर पुढे कधीच कारवाई होत नाही. एका खोट्या आकड्यावरून भविष्य सांगता येत नाही. मला त्यातून कामाचं वाटतं ते हे, की सांगितल्यानंतर माणूस काय करतो, तिकडे लक्ष ठेवावं. त्यासाठी आधी सांगावं तर लागतं. गेल्या महिन्यात तुम्ही आकडा खोडून गप्प बसलात. त्याला अजून पत्ताच नाही की कुणाच्या लक्षात आलंय. न सांगितलेल्या चुकीबद्दल शेवटच्या दिवशी गुण कापले, तर 'मला कधी बोललात का?' असं तो विचारेल आणि त्याचं म्हणणं रास्त असेल.

तो मान खाली घालून गप्प बसेल, मग 'चुकलं' म्हणेल, असं मला वाटतं. बहुतेक मुलं म्हणतात. तसं झालं तर उरलेले दिवस सोन्यासारखे वापरा, कसे ते खाली लिहिते. 'सगळेच करतात' म्हणाला, तर चिडू नका. 'कोण करतं, कुठे, तुला कुणी सांगितलं' हे शांतपणे विचारा, कारण त्यात बहुधा तथ्य असतं आणि ते तुमच्या केंद्रातलंही असू शकतं. मग सांगा की आजपासून माझ्या ओपीडीत हे चालणार नाही. मात्र केसपेपर समोर असताना 'मी मोजला होता' असं ठाम म्हणाला, तर गोष्ट वेगळी होते. मग तुमच्या एकटीच्या अखत्यारीत ती ठेवू नका. कॉलेजच्या इंटर्नशिप बघणाऱ्या प्राध्यापकांना लेखी कळवा आणि त्यांच्या आणि तुमच्या समोर बोलणं होऊ द्या.

उरलेले दिवस थोडे आहेत, पण तेवढ्यात बरंच दिसू शकतं. अमेरिकेत जॉन नॉर्सिनी यांनी १९९५ मध्ये मिनी-सीईएक्स नावाची पद्धत मांडली. शिक्षक कोपऱ्यात बसतो, विद्यार्थी खरा रुग्ण बघतो, शिक्षक मध्ये तोंड घालत नाही आणि संपल्यावर लगेच चार वाक्यं बोलतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम. तुमच्या ओपीडीत वीस मिनिटं सापडणार नाहीत, हे मला माहीत आहे. सकाळचा पहिला एक रुग्ण घ्या. एक दिवस तो, एक दिवस ती. दहा मिनिटं तुमचा पेन खाली ठेवा आणि बघा. एका रुग्णावरून काही ठरत नाही, कारण खोकल्याच्या रुग्णाला छान बघणारा मुलगा रडणाऱ्या बाळापुढे गोंधळतो. वेगवेगळ्या रुग्णांवर, वेगवेगळ्या दिवशी, शक्य तर वेगवेगळ्या डोळ्यांनी बघितलेल्या अशा छोट्या नोंदी जमल्या की त्यांना वजन येतं.

वेगळे डोळे म्हणजे तुमच्या सिस्टर, फार्मसिस्ट, लसीकरणाच्या दिवशी बरोबर जाणारी एएनएम. त्यांना 'मुलगा कसा आहे?' असं विचारलंत तर 'बरा आहे' किंवा 'आगाऊ आहे' याखेरीज काही हाती लागणार नाही, आणि जुना राग असला तर तोही त्यातच येईल. 'त्या कुत्रा चावलेल्या मुलाची जखम कुणी धुतली? किती वेळ? इंजेक्शनची पुढची तारीख आईला कुणी समजावली?' असं विचारा. घडलेलं सांगतील.

तुम्ही 'मनातलं मत' म्हणून ज्याला कमी लेखताय, त्याबद्दलही थोडं सांगते. टोरांटोच्या ग्लेन रेगेहर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ऑस्कीतल्या याद्या आणि अनुभवी परीक्षकांचं एकंदर मत यांची तुलना केली. परीक्षकांचं मत यादीपेक्षा कमी भरवशाचं ठरलं नाही, काही बाबतींत सरस ठरलं. त्यामुळे जाणत्या डॉक्टरने बघून बनवलेलं मत ही पोरकट गोष्ट समजू नका. अट एवढीच की प्रत्यक्ष बघितलेलं असावं आणि त्याच दिवशी लिहिलेलं असावं.

आता मुलीबद्दल. तुमच्या पत्रात तिच्याविषयी माया दिसते, मलाही ती वाचताना आवडली. म्हणूनच इथे जास्त सावध राहायला हवं. म्हाताऱ्या तिच्यासाठी थांबतात, यावरून ती ऐकून घेते एवढं नक्की कळतं. ती औषधाचा डोस बरोबर काढते का, हे त्यावरून कळत नाही. गोड बोलणाऱ्या मुलीला आपण कौशल्यातही चार देऊन मोकळे होतो आणि तुटक बोलणाऱ्या मुलाला ज्ञानातही कमी देतो. एका रकान्याची छाया दुसऱ्यावर पडू द्यायची नाही. अकरा किलोच्या मुलाला पॅरासिटामोल किती मिली, तुमच्याकडच्या बाटलीवरची मात्रा वाचून सांग, असं तिला विचारा. मराठीत विचारा. ओआरएस कसं करायचं ते आईला समजावताना ऐका. उत्तर चुकलं तर तेही लिहा, मायेपोटी झाकू नका.

इंग्रजीत गप्प होणं हा दोष कौशल्याच्या रकान्यात जाता कामा नये. गोव्यात डॉक्टर घडवणारं पणजीचं एस्कोला मेडिका हे वैद्यकीय विद्यालय १८४२ मध्ये सुरू झालं. तेव्हा शिकवणं पोर्तुगीजमध्ये आणि रुग्ण कोकणी-मराठी बोलणारा. आज पोर्तुगीजच्या जागी इंग्रजी आलं, एवढाच फरक. एका भाषेत शिकायचं आणि दुसऱ्या भाषेत दुखणं ऐकायचं, हे इथल्या डॉक्टरांना पिढ्यान् पिढ्या करावं लागलं आहे. त्यातलं दुसरं काम जिला जमतं, तिच्या हातात मोठी गोष्ट आहे.

एक उदाहरण देते, म्हणजे काय बघायचं ते स्पष्ट होईल. मार्च महिना, काजूचा हंगाम. सत्तरी तालुक्यातला माणूस तीन दिवसांचा ताप घेऊन येतो, अंग मोडून निघालंय, डोळे लाल. दोन्ही इंटर्नना तापाच्या कारणांची यादी पाठ असेल, मुलगा ती अधिक भरभर म्हणेल. तुम्ही बघायचं ते हे: कोण त्याला विचारतं, 'काजी पुंजावपाक वता?', म्हणजे काजू वेचायला जातोस का? बागायतीत गोचीड लागली का, आसपास माकड मेलेलं दिसलं का? सत्तरीत २०१५ पासून गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, हे कुणाला आठवतं? रक्ताचा नमुना कुठे पाठवायचा हे माहीत नसेल, तर 'मला माहीत नाही, विचारून येते' म्हणून कोण उठतं? आणि पावसाळ्यात असाच ताप आला तर 'शेतात पाण्यात उतरला होतास का?' याकडे कोण वळतं? पाठ केलेली यादी समोरच्या माणसाच्या आयुष्याला लावता येणं, याला मी क्षमता म्हणते. त्यात मार्क आणि माया, दोन्ही आपोआप मागे पडतात.

मग फॉर्म. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये मांडलेली एक कल्पना तुम्हाला इथे उपयोगी पडेल. गुण देण्याआधी एकेका कामाबद्दल स्वतःला विचारायचं, हे काम मी याच्यावर सोपवीन का? आणि सोपवीन तर कसं: मी खोलीत असताना, मी शेजारच्या खोलीत असताना, की मी केंद्रावर नसतानासुद्धा? ड्रेसिंग, टाके काढणं, गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण, बीपी-शुगरची ओपीडी, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. कदाचित मुलाला इमर्जन्सीत तुम्ही खुशाल एकटं सोडाल आणि बीपीच्या ओपीडीत नाही. सरसकट चार देऊन यातलं काहीच कुणाला कळत नाही, त्याला स्वतःलाही नाही.

जे तुम्ही पाहिलंच नाही, तिथे 'निरीक्षणाची संधी मिळाली नाही' असं लिहा आणि गुणांचा रकाना कोरा ठेवा. न मोजलेला बीपी लिहू नकोस असं त्याला सांगायचं आणि न पाहिलेल्या कौशल्यापुढे आपण चार लिहायचे, हे जमायचं नाही.

वागणुकीच्या रकान्यात 'असमाधानकारक' असा एकच शब्द लिहू नका. त्यावर उद्या कुणी दाद मागितली तर तुमच्याकडे उत्तर नसेल, आणि मुलाला त्यातून शिकायलाही काही मिळत नाही. असं लिहा: "अमुक तारखेला ओपीडीत स्वतःच्या टेबलावर यंत्र नसताना केसपेपरवर बीपी १३०/८० अशी नोंद केली. त्याच सकाळी फेरतपासणीत १७८/१०४. अमुक तारखेला याविषयी बोलणं झालं, चूक मान्य केली. त्या दिवसाच्या रुग्णांच्या फेरतपासणीत स्वतः सहभाग घेतला. त्यानंतर निरीक्षणाखाली घेतलेले बीपी पद्धतशीर, नोंदी जुळल्या." शेवटची दोन वाक्यं तेव्हाच लिहायची, जेव्हा तसं घडलं असेल. हे सगळं त्याला वाचायला द्या आणि त्याची सही घ्या. गुण किती हे मग फार अवघड राहत नाही. दिवस अपुरे वाटले, तर कॉलेजला तसं कळवून तेवढ्या कामापुरती मुदत वाढवून मागा. समाधानकारक काम झालं नाही तर इंटर्नशिपची मुदत वाढते, ही सोय याचसाठी आहे. दोन-तीन आठवडे जास्त काम केल्याने कुणाचं करिअर बुडत नाही. नीट पीजीची तारीख जवळ असेल, घरचे रागावतील, हे खरं. तरीही.

नापास करायला शिक्षक का कचरतात, यावर कॅनडात नॅन्सी ड्यूडेक यांनी २००५ मध्ये अभ्यास केला होता. लिहून ठेवलेलं नसतं, काय लिहायचं ते माहीत नसतं, दाद मागितली जाईल याची भीती असते आणि पुढे त्या मुलाला सुधारायची काही सोय दिसत नाही, ही कारणं शिक्षकांनीच सांगितली. तुमच्या पत्रात यातली बहुतेक आहेत. म्हणजे तुम्ही काही वेगळ्या किंवा दुबळ्या नाही आहात. पहिल्या दोन कारणांवर उपाय तुमच्या वहीत आहे, चौथ्यावर मुदतवाढीत.

राहिला मामांचा फोन. गोवा लहान, कुणीतरी कुणाच्यातरी घरी चतुर्थीला येणारच, त्यामुळे असे फोन थांबणार नाहीत. सासऱ्यांना यातलं काही सांगू नका. तो मुलगाही तुमच्या विश्वासातला आहे, त्याची चूक घराघरांत फिरता कामा नये. त्यांनी एवढाच निरोप द्यावा, की 'सून म्हणते, जे काही असेल ते ती मुलाशीच बोलेल.' हे नम्र आहे आणि खरंही आहे. फोन आला म्हणून दोन गुण जास्त द्यायचे नाहीत, आणि फोनचा राग आला म्हणून एक कमीही करायचा नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा सहज घडते.

पुढची तुकडी येण्याआधी दुसऱ्या यंत्राची मागणी लेखी पाठवा, आजच पाठवा. आणि मुलं आली की पहिल्याच दिवशी, ओपीडी सुरू होण्याआधी, त्यांना सांगा: मोजलं नसेल तर रकाना कोरा ठेवा, मी ओरडणार नाही, मी स्वतः मोजीन. मग एखाद्या सोमवारी नव्वद रुग्ण असताना असा कोरा केसपेपर तुमच्या हातात येईल, तेव्हा काही न बोलता कफ बांधा.

त्या दोघांशी बोलणं झालं की मला कळवा. मुलगा काय म्हणाला, हे ऐकायची मला मनापासून ओढ आहे.